डोकं काढून बसलेला गेंडा

बाबा : ते सगळं नंतर. आधी मला एवढंच सांगा, ही खुर्ची आहे की मश्रूम?

मॅडम : मश्रूमच्या आकाराची खुर्ची आहे, सर. ही खोली हरवलेल्या मुलांसाठी आहे. पालक येईपर्यंत मुलं इथे बसतात.

बाबा : मीच पालक आहे.

मॅडम : हो. पालक सहसा उभ्या उभ्या येतात, मूल घेतात आणि जातात. ते बसतील असं कुणी धरलेलं नव्हतं.

ठकी : बाबा, गुडघे खाली घे. कानाला लागतायत.

बाबा : खाली जागा असती तर वर कशाला आणले असते? मॅडम, माझी मुलगी हरवलेली नाही. मीही हरवलेलो नाही. मला तक्रार करायची आहे, तर तक्रारीच्या खिडकीवर न्यायचं सोडून आम्हाला इथे का कोंबलंय?

मॅडम : आमच्या उद्यानात तक्रार नसते, सर. आम्ही त्याला मनोगत म्हणतो. आणि मनोगताची खिडकी आत्ता जेवायला बंद आहे.

बाबा : मग माझं मनोगत असं की माझ्या पोटच्या पोरीला दोन धटिंगणांनी दंडाला धरून भर गर्दीतून आणलं. लोक आइस्क्रीम खायचे थांबून बघत होते. एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले!

मॅडम : ते धटिंगण नाहीत. आनंदरक्षक आहेत.

ठकी : मग एका आनंदरक्षकाने माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा ओढला. मान अजून दुखतेय.

मॅडम : त्याबद्दल उद्यान दिलगीर आहे. आपलं नाव?

बाबा : ठकी म्हणा. घरात सगळे ठकीच म्हणतात.

ठकी : बाबा!

बाबा : तिच्या टोपीवर तेच छापलंय.

ठकी : म्हणूनच ती टोपी मी बसमध्ये विसरले.

बाबा : विसरलीस? की विसरवलीस?

मॅडम : ठकीताई, आपल्याबाबत दोन गोष्टी आहेत. आपण सकाळपासून उद्यानाच्या छायाचित्रकार असल्याचं भासवून पाहुण्यांचे फोटो काढलेत. ते आम्ही समज देऊन सोडू. पण नंतर आपण बंद भागात शिरून आमच्या गेंडूदादांचा एक आक्षेपार्ह फोटो काढलात. तो इथे, माझ्यासमोर, आत्ता पुसायचा.

ठकी : नाही पुसणार.

मॅडम : मग कॅमेरा आमच्याकडे राहील.

बाबा : राहील कसा? दुकानात मंदी असताना घेतलाय मी तो!

ठकी : आणि भासवलं म्हणजे? मी भासवलं? चोर सोडून संन्याशाला फाशी! बाबा, उभा राहा आणि सांग यांना.

बाबा : उभं राहता येत असतं तर एवढा वेळ बसलो असतो का?

ठकी : बरं, मी पाठ तुमच्याकडे करते. वाचा मॅडम. माझ्या जाकिटावर काय लिहिलंय?

मॅडम : "अधिकृत छायाचित्रकार."

ठकी : त्याच्या खाली?

मॅडम : खाली काही... हां, आहे. "आमच्या घरची." हे फारच बारीक आहे.

बाबा : जागाच उरली नाही. छायाचित्रकार हा शब्द किती रुंद आहे बघा की. काखेपासून काखेपर्यंत जातो.

मॅडम : हे आपण छापलंत?

बाबा : मीच. धंदाच आहे माझा. टीशर्ट, टोप्या, पिशव्या, शाळेचे गणवेश, खेळाडूंचे नंबर. कापड आणा, छापून न्या.

ठकी : त्याला कोरं कापड बघवत नाही. आमच्याकडे पडद्यावर "पडदा" छापलंय. उशीवर "डोकं इथे". आजीच्या शालीवर "आजी".

बाबा : म्हातारी गर्दीत हरवली तर?

ठकी : तर लोक वाचतील आणि म्हणतील, ही आजी आहे. ते तर तिच्याकडे बघूनही कळतं!

बाबा : आतल्या बाजूला फोन नंबर आहे.

मॅडम : पण सर, सहलीला येताना मुलीच्या पाठीवर असं छापायची गरज काय होती?

बाबा : गरज? तुम्हाला सोळा वर्षांची मुलगी आहे का?

मॅडम : नाही.

बाबा : मग तुम्ही सुखी आहात, म्हणून तुम्हाला कळायचं नाही. ही यायलाच तयार नव्हती. म्हणे, प्लास्टिकच्या डोंगराचे फोटो काढून मी काय करू. घरात तोंडाचा हा एवढा फुगा. मग मी एक व्हिडिओ पाहिला. एक समुपदेशक बाई आहेत, मागे पुस्तकांचं कपाट असतं. त्या म्हणाल्या, वाढत्या वयाच्या मुलांना सहलीत रमवायचं असेल तर त्यांच्या छंदाला मान द्या. त्यांना भूमिका द्या. दिली मी भूमिका. खिशांचं जाकीट आणलं आणि भूमिका पाठीवर छापली.

ठकी : मला भूमिका नको होती. मला एक तास एकटीला सोडायला हवं होतं. ते त्या बाई पुढे सांगतात. तू अर्धाच व्हिडिओ पाहिलास.

बाबा : मध्येच गिऱ्हाईक आलं.

ठकी : आणि मग काय झालं ऐका, मॅडम. फाटकातून आत पाऊल टाकतेय तोच एक काका ओरडले, "ओ फोटोवाल्या ताई, इकडे इकडे!" अख्खं खटलं घेऊन कारंज्यापुढे उभे. मी म्हटलं, मी ती नव्हे. ते म्हणाले, "पाठीवर लिहिलंय की!" भांडत कोण बसणार? काढला. वळून बघते तर मागे रांग. तुमच्या उलट्या पाळण्याला नव्हती एवढी रांग मला होती. एकाने विचारलंसुद्धा, ही कशाची रांग आहे? पुढचा म्हणाला, माहीत नाही, पण लांब आहे म्हणजे काहीतरी चांगलंच असणार.

मॅडम : आणि आपण त्या सर्वांना सांगितलंत की फोटो फुकट मिळतील.

ठकी : मी नाही. यांनी.

बाबा : लोक विचारत होते! मला वाटलं, पोरीला प्रतिसाद मिळतोय. मी आपला रांग सरळ करत होतो.

ठकी : आजी नंबर वाटत होती.

मॅडम : नंबर?

बाबा : कागदी रुमालावर लिहून. तिला हाताला काम लागतं.

मॅडम : आमचे खरे छायाचित्रकार सकाळपासून हातावर हात ठेवून बसले आहेत, सर. त्यातला एक तर आपल्याच रांगेत उभा होता.

ठकी : तो निळ्या शर्टाचा? त्याने डोळे मिटले. परत काढावा लागला त्याचा.

मॅडम : ते जाऊ द्या. बंद भागात कशा गेलात?

ठकी : बाथरूमला जाते सांगून सटकले. लपायला म्हणून एका दाराकडे तोंड करून उभी राहिले. तिथल्या रखवालदाराने पाठ वाचली आणि दार उघडून धरलं. म्हणाला, "सुट्टी झाली का? जा आत, पंखा आहे."

मॅडम : आणि आपण गेलात.

ठकी : पंखा होता ना.

मॅडम : आणि तिथे आपल्याला जे दिसलं...

ठकी : गेंडूदादा.

मॅडम : आपल्याला गेंडूदादा दिसले नाहीत.

ठकी : दिसले. डोकं काढून बसले होते.

मॅडम : गेंडूदादा डोकं काढत नाहीत. ते त्यांचं डोकं आहे.

बाबा : अहो बाई, म्हणजे आतला माणूस हो.

मॅडम : आत माणूस नाही.

बाबा : कशाच्या आत?

मॅडम : गेंडूदादांच्या. गेंडूदादा गेंडा आहेत. ते इथल्या डोंगरावर जन्मले आणि त्यांना मुलं फार आवडतात. फाटकाजवळच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

बाबा : डोंगर फायबरचा आहे.

मॅडम : हो.

बाबा : सकाळी मी तुमच्या गेंड्याशी हात मिळवलाय. आत बोटं होती. आतून कुणीतरी खोकलं.

मॅडम : गेंड्यांनाही खोकला होतो, सर.

ठकी : बघ बाबा, कशी नाकाने कांदे सोलतात. समोर दिसतंय त्याला नाही म्हणायचं, आणि जो आहे त्याचा फोटो काढला तर आम्ही गुन्हेगार!

बाबा : थांब, तुझ्या आईचा फोन. हॅलो... हो, अजून तिथेच... नाही गं, हरवलो नाही, पण हरवलेल्यांच्या खोलीत आहोत... तू खा, आमची वाट बघू नको... आजी कुठे बसलीय?... उलट्या पाळण्यात? पुन्हा?... शाल घट्ट धर म्हणावं. हां. ठेव.

मॅडम : सर, उद्यान समजूतदार आहे. तो एक फोटो पुसलात, तर आपल्या सगळ्या कुटुंबाला वर्षभर प्रवेश मोफत. शिवाय कुठल्याही रांगेत उभं राहावं लागणार नाही.

बाबा : कुठल्याही म्हणजे? पाण्याच्या घसरगुंडीलासुद्धा?

मॅडम : बाजूने वेगळी वाट आहे.

बाबा : ठके.

ठकी : नाही.

बाबा : मी फक्त हाक मारली.

ठकी : तुझी हाक मला कळते.

बाबा : अगं, एका फोटोचं काय एवढं? सकाळपासून शेकड्याने काढलेस. पाहिजे तर बाहेर जाऊन दुसरा काढ. डोक्यासकट.

ठकी : शेकड्याने काढले, त्यातला एक माझा नाही! कारंज्यापुढे आई. कारंज्यापुढे आजी. कारंज्यापुढे तू, हात असा पसरून, म्हणजे पाणी तुझ्या तळव्यातून उडतंय असं वाटावं. मग सगळ्या गावाची खटली. हसा, सरका, पोट आत घ्या. आणि हे सगळं घरी गेलं की तू त्याचे कप करणार.

बाबा : कप वाईट असतात का?

ठकी : गेल्या हिवाळ्यात मी पुलाखाली पहाटे थंडीत कुडकुडत एका कुत्रीचा फोटो काढला होता. त्याचं काय केलंस ते सांग मॅडमना.

बाबा : आवडला म्हणून केलं.

ठकी : सांग.

बाबा : कपावर छापला.

ठकी : आणि खाली?

बाबा : "शुभ सकाळ."

मॅडम : छान की.

ठकी : ती कुत्री आजारी होती! त्या डोळ्यांत बघून कुणाची सकाळ शुभ होणार होती?

बाबा : सकाळचाच होता गं फोटो. आणि कप खपले.

ठकी : ते खपले म्हणूनच मला जास्त राग येतो. मॅडम, आजच्या दिवसात एक, फक्त एकच फोटो मी काढलाय. कुणी मला "काढ" म्हटलं नाही, मी कुणाला "हसा" म्हटलं नाही. तुमच्या वर्षभराच्या फुकट पाळण्यांसाठी मी तो पुसणार नाही. कॅमेरा घ्यायचा तर मलाही इथेच ठेवा, या मश्रूमवर. पालक येईपर्यंत.

बाबा : पालक आलाय.

ठकी : मला नाही तसं वाटत.

बाबा : हे जरा लागलं हं, ठके... आण इकडे. कशापायी एवढा पराचा कावळा झालाय ते बघू तरी.

मॅडम : सर, तो पाहणं उद्यानाच्या दृष्टीने योग्य नाही.

बाबा : त्याच्यापायी माझी पोर चोरासारखी वाजतगाजत आणलीत तुम्ही. मी बघणार. कुठलं बटण?

ठकी : उजवीकडचं. आता मोठा कर.

बाबा : हा माणूस हसत नाहीये.

ठकी : नाही.

बाबा : बनियन पिळून काढता येईल एवढा भिजलाय. खाली सगळा गेंडा, वर बनियन. आणि बसलाय कशावर, बाटल्यांच्या क्रेटवर? खुर्ची आहे की शेजारी.

ठकी : खुर्चीवर काय आहे बघ.

बाबा : डोकं. खुर्ची डोक्याला दिलीय?

ठकी : एकच होती.

बाबा : आणि हा रुमालाने... हा डोक्याचा घाम पुसतोय? गेंड्याच्या?

ठकी : आधी त्याचं कपाळ पुसलं. मग शिंगाच्या बुडाशी. मग डोळे, एकेक करून. मग रुमाल झटकला आणि स्वतःचा चेहरा पुसला.

बाबा : पंखासुद्धा डोक्याकडे वळवलाय.

ठकी : हो.

मॅडम : सर? पुसताय ना?

बाबा : थांबा हो जरा. बघतोय ना मी!

मॅडम : सर, वर्षभराचा प्रवेश...

बाबा : तो तुम्हालाच राहू द्या. तुम्ही रोज या. हा फोटो पुसायचा नाही. आणि जो माणूसच नाही म्हणता, त्याच्या फोटोने तुमचं बिघडतं काय? भुताचा फोटो काढला म्हणून दंड असतो का कुठे?

मॅडम : ज्यांचा फोटो आहे, त्यांच्या भावना दुखावल्या आहेत.

ठकी : कुणाच्या? जो नाही त्याच्या?

मॅडम : गेंडूदादांच्या. बोलावतेच त्यांना. हॅलो, गेंडूदादांना हरवलेल्या मुलांच्या खोलीत पाठवा. नाही, नाचत नको. साधे चालत.

(दार उघडतं. गेंडा आडवा होऊन आत यायला बघतो. शिंग चौकटीत अडकतं. कुणीच मदत करत नाही, मग सगळेच करतात.)

बाबा : या, या. त्या मश्रूमवर तेवढं बसू नका. मी अनुभवाने सांगतो.

ठकी : सॉरी, दादा. तुम्हाला न विचारता काढला.

मॅडम : कृपया त्यांच्याशी परस्पर बोलू नका. गेंडूदादा, या मुलीने आपला फोटो काढला. आपल्याला वाईट वाटलं का?

ठकी : हात हलवला त्यांनी.

मॅडम : वाईट वाटलं म्हणतायत.

बाबा : टाटा केला तो! सकाळी आम्हाला केला तोच!

मॅडम : सर, गेंडूदादांना चारच हावभाव मंजूर आहेत. हात हलवणं, मिठी मारणं, टाळ्या वाजवणं आणि पोट धरून हसणं. त्यातून जो तो प्रसंग पाहून अर्थ घ्यायचा.

ठकी : आणि त्यांना नाही म्हणायचं असेल तर?

मॅडम : ते नाही म्हणत नाहीत.

ठकी : कधीच?

मॅडम : गेंडूदादा कधीच कुणाला नाही म्हणत नाहीत. तेही पाटीवर आहे.

ठकी : एखाद्या पोराने शेपूट ओढलं तर?

मॅडम : मिठी.

ठकी : कुणी पाठीवर चढलं तर?

मॅडम : टाळ्या.

ठकी : आत चक्कर आली तर?

मॅडम : हात हलवत मागच्या दाराने जायचं.

बाबा : म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार! बरं, दादा, आता मी विचारतो. फोटो ठेवावा असं वाटत असेल तर टाळ्या वाजवा. पुसावा वाटत असेल तर पोट धरून हसा.

मॅडम : असं नियमात बसत नाही.

बाबा : दोन्ही मंजूर आहेत, आत्ताच म्हणालात. वाजवा दादा, घाबरू नका.

ठकी : ते काहीच करत नाहीयेत, बाबा.

बाबा : विचार करतायत.

ठकी : ते मॅडमकडे बघतायत.

मॅडम : कशावरून? त्यांचे डोळे काचेचे आहेत.

बाबा : डोळ्यांतून नाही बघत ते. जिभेतून बघतात. जीभ जाळीच्या कापडाची आहे. आणि ती आत्ता सरळ तुमच्याकडे आहे.

ठकी : मॅडम, एक खरं सांगा. फोटो राहिला तर यांचं काय होईल?

मॅडम : कुणाचं?

ठकी : जे नाहीत त्यांचं.

मॅडम : दार लावा.

बाबा : लागत नाही. शेपूट मध्ये येतंय. दादा, पुढे सरका जरा. हां, लागलं.

मॅडम : गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक अस्वल होतं. एका वाढदिवसाच्या गर्दीत त्याचं डोकं सरकलं. निघालं नाही, नुसतं सरकलं. हनुवटी दिसली. कुणीतरी फोटो काढला, तो फिरत फिरत वरच्या साहेबांपर्यंत गेला.

बाबा : मग?

मॅडम : आता आमच्याकडे अस्वल नाही.

ठकी : तुम्ही ओळखत होतात?

मॅडम : आम्ही जेवायला एकत्र बसायचो.

बाबा : अस्वल आणि तुम्ही?

मॅडम : हो. माझ्या डब्यातली भाजी त्याला आवडायची. म्हणून म्हणते, पुसा. मला काय हौस आहे पोरीबाळींना इथे आणून बसवायची? साहेब जेवून परत यायच्या आत पुसा आणि जा.

ठकी : मग हे आधी सांगायचं ना! भावना दुखावल्या, आक्षेपार्ह, डोंगरावर जन्मले, हे सगळं कशाला?

मॅडम : सांगू काय? आत माणूस आहे, असं म्हणायची मलाही परवानगी नाही.

ठकी : बाबा, कॅमेरा दे.

बाबा : ठके, घाई नको. आपण काहीतरी...

ठकी : दे. माझ्या फोटोपायी कुणाचं काम जाणार असेल तर नको मला तो. पण मॅडम, तुमची मनोगताची खिडकी उघडली की माझं पण लिहून घ्या. मला राग आलाय. तुमच्या डोंगराचा, पाटीचा, त्या साहेबांचा. एवढा जिवंत माणूस घामाने निथळतोय आणि तुम्ही सगळे मिळून म्हणता तो नाहीच. आणि पुसायचा कुणी, तर ज्याने त्याला पाहिलं त्याने! सापडलं बटण. विचारतंय, "नक्की पुसायचा?" होय की...

गेंडा : नको.

मॅडम : कोण बोललं?

बाबा : कुणी नाही.

मॅडम : सर, मी माझ्या कानांनी ऐकलं.

बाबा : आत माणूस आहे का, मॅडम?

मॅडम : नाही.

बाबा : मग बोलणार कोण?

ठकी : गेंडे बोलतात का हो, काकू?

मॅडम : काकू नका म्हणू मला... नाही. गेंडे बोलत नाहीत.

गेंडा : ठेव, बाळ. नको पुसू.

मॅडम : हळू तरी बोला हो, म्हणजे, न बोलणाऱ्याने हळू न बोलावं. बाहेर आनंदरक्षक उभा आहे.

गेंडा : दिवसभर माझ्या गळ्यात पडून लोक फोटो काढतात, बाळ. किती घरांत मी भिंतीवर असेन कुणास ठाऊक. माझ्या घरी एक नाही. असला तरी ह्या गेंड्याचा. माझा नाही.

ठकी : पण तुमचं काम?

गेंडा : ते या बाईंच्या हातात.

बाबा : मॅडम?

मॅडम : माझ्याकडे का बघता सगळे? ती जीभ तिकडे वळवा... हे पहा. पाहुण्यांपैकी एका मुलीने कुणा घामाघूम माणसाचा फोटो काढला, तर त्यावर उद्यानाला काही मत नाही. तो माणूस आमचा नाही. खुर्चीवरचं डोकंही आमचं नाही, कारण आमच्या गेंड्याचं डोकं निघतच नाही. पाटीवर आहे.

ठकी : म्हणजे राहिला?

मॅडम : काय राहिलं? मी कुठलाही फोटो पाहिलेला नाही. फक्त तो मोबाइलवर फिरायचा नाही, भिंतीवर लागायचा नाही, स्पर्धेला जायचा नाही. एकाच घरी जाईल, आणि तिथेच राहील.

ठकी : मी कुणाला दाखवायला नव्हताच काढला.

बाबा : आणि कप?

ठकी : बाबा!

बाबा : विचारलं नुसतं. बरं, तू जा आता. एक तास. हवं ते काढ, नाहीतर काहीच काढू नको. आम्ही कारंज्यापाशी बसतो.

ठकी : खरंच? मागे मागे येणार नाहीस?

बाबा : आलो असतो, पण मला या मश्रूममधून काढायला दोन माणसं लागणार आहेत. जाकीट तेवढं उलटं घाल, नाहीतर पुन्हा रांग लागेल. आतून कोरं आहे.

ठकी : नाही आहे. आतून "उलटं करून धुवा" छापलंयस. हे एवढ्या मोठ्या अक्षरात.

बाबा : मग हातात घे. मॅडम, एक हात द्या. दादा, तुम्ही दुसरा. हां... सुटलो. दादा, मी स्वतः मोठा छापून देतो. चांगल्या जाड कागदावर, घरपोच. फक्त एक सांगा, खाली काय घालू? नाव घालू? की "आमचे बाबा"? काहीतरी हवं ना खाली, नाहीतर तेवढी जागा कोरी राहते.

गेंडा : राहू द्या कोरी. घरचे ओळखतील.